तणसाची दुसरी लांबी

वैनगंगेच्या खोऱ्यांतील लाखांदूर हा धानाचा मुलूख. मळणी आटोपली कीं तेथें तणसाच्या गंजी उभ्या राहतात. कांहीं तणस जनावरांपुढें पडतें, कांहीं शेतांतच जळतें. 'तणसाचा तंतु आखूड. त्याचें काय होणार?' असा निकाल सुशिक्षित मंडळीही सहज देऊन टाकतात. हा निकाल अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा समजण्यास सेल्युलोजच्या शास्त्राचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

तंतूची लांबी आम्हां लोकांस नवी नाहीं. कापसाचा व्यापारी बोटांच्या चिमटींत पुंजका ओढून ती अजमावीत आला आहे, आणि १९२४ सालीं माटुंग्यास निघालेल्या कापूस संशोधन-शाळेंत हीच परीक्षा यंत्रांनीं होऊं लागली. परंतु ही डोळ्यांना दिसणारी लांबी झाली. तंतूच्या पोटांत दुसरी एक लांबी आहे. १८३८ सालीं पायें या फ्रेंच रसायनज्ञानें वनस्पतींचें जें द्रव्य वेगळें काढलें, तें ग्लुकोजच्या कड्यांची साखळी आहे. ही साखळी खरोखरच अखंड व प्रचंड आहे, असें स्टाउडिंगर यांनीं १९२० पासून प्रतिपादिलें, तेव्हां अनेक पंडितांनीं त्यांस वेड्यांत काढलें. नोबेल पारितोषिक मिळावयास १९५३ साल उजाडलें. कापसाच्या साखळींत सुमारें १०,००० कड्या असतात, तर रेयॉनमध्यें अवघ्या २०० ते ५००.

एकाच लगद्यांतील साखळ्याही सारख्या नसतात. भातगिरणींत कणी व अख्खा तांदूळ चाळणीनें निवडतां येतो. रेणूंस अशी चाळणी कोठून आणावी? आरंभीं उद्योगांत १७.५ टक्के कॉस्टिक सोड्यांत जें विरघळत नाहीं तें उत्तम, अशी कसोटी चाले. व्यवहारास ती पुरे; तथापि ती विद्राव्यतेची वर्गवारी, लांबीची नव्हे, कारण विरघळणाऱ्या भागांत सेल्युलोजेतर द्रव्येंही येतात. १८५७ सालीं श्वाइट्सर यांस तांबें व अमोनिया यांचें द्रावक सांपडलें. पण त्यांत हवेचा प्राणवायु शिरला कीं साखळ्या तुटूं लागत. म्हणजे मोजणाराच मोजावयाची वस्तु आखूड करी!

म्हणून संशोधक आडवाटेनें गेले. सेल्युलोजचें नायट्रेट करून तें अॅसिटोनमध्यें विरघळवावयाचें, व त्यांत पाणी थेंबाथेंबानें घालावयाचें. एका क्षणीं द्रावण गढूळ होऊन त्याचे एक दाट व एक पातळ असे दोन भाग पडतात. दाट भागांत प्रथम उतरतात त्या सर्वांत लांब साखळ्या. तो भाग काढून पुन्हां पाणी घातलें कीं त्यांहून आखूड. प्रत्येक कडीस पाण्याचा जो अल्प तिटकारा असतो, तो कड्यांच्या संख्येबरोबर वाढतो. शंभर कड्यांच्या साखळीस जो सोसतो, तो हजारांच्या साखळीस सोसत नाहीं. याचें गणित १९४० नंतर लवकरच फ्लोरी व हगिन्स यांनीं स्वतंत्रपणें मांडलें. निवड मात्र एकदां करून भागत नाहीं. आखूड साखळ्या चिकटून येतात, म्हणून साका पुन्हां विरघळवून पुन्हां उतरवावा लागतो. आतां सच्छिद्र कणांच्या स्तंभांतून द्रावण सोडून हेंच काम लवकर होतें. तेथेंही लांब साखळ्याच आधीं बाहेर पडतात.

या खटाटोपाचें फलित काय? सरासरीवर विसंबूं नये, हें. दोन लगद्यांची सरासरी एकच असून एकांत सर्व साखळ्या मध्यम, तर दुसऱ्यांत थोड्या फार लांब व पुष्कळ अगदींच तोकड्या असूं शकतात. आणि त्या तोकड्यांमुळें धागा दगा देतो.

आतां तणसाकडे वळूं. त्याचा तंतु कापसाच्या मानानें आखूड आहे, त्यांतील सिलिका कारखानदारास छळते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आखूड तंतूंत आखूडच साखळी असते, हा तर्क चुकीचा. साखळी पुष्कळदां तुटते ती भट्टींतील क्षार, उष्णता व रंग उडविणारी द्रव्यें यांनीं. दोष मात्र शेताच्या माथीं बसतो. १९४५ सालीं निघालेल्या बल्लारपूरच्या कागद-कंपनीच्या मूळ नांवांत तणसाच्या पुठ्ठ्याचाही उल्लेख होता. म्हणजे तणसाचा विचार विदर्भास परका नाहीं. तणस पुठ्ठ्याच्याच योग्यतेचें कीं त्याहून अधिक, हें चिमटीनें ठरत नाहीं. लाखांदूरच्या गंजीस काडी लावण्यापूर्वीं तिची दुसरी लांबी एकदां तरी मोजली जावी, एवढेंच आमचें मागणें आहे.