भिंगारच्या वाटेवरचा आखाडा

भिंगारला आज सगळे नगरचं उपनगर म्हणतात. छावणी आहे, शहराला लागून वस्ती आहे, तेव्हा म्हणणाऱ्यांची चूक नाही. पण वयाने भिंगार थोरलं. 28 मे 1490च्या पहाटे मलिक अहमदने बहमनी फौजेवर छापा घातला तो भिंगारजवळच. विजयाच्या जागी त्याने बाग आणि वाडा उभारला, आणि 1494 मध्ये तिथंच आपल्या नावाचं शहर वसवायला घेतलं.

हा मलिक अहमद म्हणजेच अहमद निजामशहा. त्याला तलवारीचं भारी वेड. राजाचा नाद प्रजेला लागायला वेळ लागत नाही. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की मदरसे असायला हवेत तिथं तलवारबाजीच्या तालमी निघाल्या. बसल्या जागी वाद व्हायचा तो एकच, सरस कोण? मग दोघं राजासमोर उभे राहत आणि ज्याचा वार आधी लागे तो जिंकला. रोज नवे जवान येऊ लागले, आणि दरबारातून दिवसाला दोन-तीन मुडदे उचलले जाऊ लागले.

राजाला त्याचा वीट आला. पण खेळ त्याने थांबवला नाही. त्याने तो नगरच्या किल्ल्याबाहेर, काळ्या चबुतऱ्याच्या मैदानावर नेला. झुंज सरळ होऊ द्यायची, आणि कुणी मेला तर त्याच्या माणसांनी सूड घ्यायचा नाही, असा हुकूम काढला. ही शिस्त नव्हे, मरणाला दिलेला परवाना होता. राजाने तिथंच मोडता घातला असता तर कितीतरी पोरं वाचली असती. उलट हे लोण दख्खनभर पसरलं, विद्वानांच्या आणि सरदारांच्या घरांतही शिरलं. पुढे विजापूरच्या रस्त्यावर पिकल्या दाढीची माणसं क्षुल्लक कारणावरून एकमेकांना कापताना खुद्द फिरिश्ताने पाहिली.

हा फिरिश्ता लहानाचा मोठा झाला नगरातच. त्याचे वडील निजामशाही राजपुत्राला फारसी शिकवत. 1589 मध्ये तो विजापूरला गेला आणि तिथं त्याने ग्रंथ लिहिला, म्हणून या खेळाची हकीकत आपल्यापर्यंत पोचली.

ज्या किल्ल्याबाहेर हा खेळ चाले, नगरच्या त्याच किल्ल्यात 1942 नंतरच्या कैदेत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्यांना किल्ला दाखवायला नेणाऱ्या गुरुजींनी बाहेरच्या मैदानापाशीही दोन मिनिटं थांबावं आणि ही गोष्टही सांगावी.