इतवारी रेल्वे स्थानक

इतवारी : नागपूर शहराच्या पूर्व भागातील, मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील उपनगरी स्वरूपाचे स्थानक व जंक्शन. अलीकडील अधिकृत नाव ‘नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी’ असले, तरी तिकीट खिडकीवर लोक अद्याप ‘इतवारी’ एवढेच मागतात. बिलासपूर येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाच्या अखत्यारीत हे स्थानक मोडते. शहराचे मुख्य स्थानक मात्र मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे असून, एकाच नगरात एकाच नावाचे दोन रेल्वे विभाग नांदत असल्यामुळे आपला अर्ज कोणत्या दप्तरी गुदरावा याविषयी नवख्या मनुष्याची तारांबळ उडते.

इतिहास : भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मुंबईहून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि तेथेच थांबला; पूर्वेकडील छत्तीसगडच्या सुपीक मुलखातील गहू व तांदूळ त्यानंतरही अनेक वर्षे बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या तांड्यांनीच नागपूरच्या पेठांत येत राहिला. हे अंतर तोडण्यासाठी सरकारने नागपूर–राजनांदगाव असा मीटरमापी ‘नागपूर–छत्तीसगड स्टेट रेल्वे’ मार्ग बांधून १८८० ते १८८२ या काळात तो वाहतुकीस खुला केला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग आपल्या ताब्यात घेऊन रुंदमापी केला व तो पुढे आसनसोलपर्यंत नेला. १८९१ मध्ये ही जोडणी पूर्ण झाली, तेव्हा नागपूरच्या पूर्व पेठांच्या कडेने जाणारी ही लोखंडी वाट मुंबई आणि कलकत्ता यांना सांधणारा मार्ग बनली. कंपनीचा कारभार १९४४ मध्ये सरकारने घेतला; मार्ग पुढे पूर्व रेल्वेत, १९५५ पासून दक्षिण-पूर्व रेल्वेत आणि २००३ पासून विद्यमान क्षेत्रात समाविष्ट झाला.

इतवारीस जे खरे वैशिष्ट्य लाभले, ते या थोर मार्गामुळे नव्हे, तर त्याला येथे येऊन मिळणाऱ्या अरुंदमापी फाट्यांमुळे होय. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट असलेल्या या मार्गांपैकी एक उमरेड व भिवापूर या गावांवरून नागभीडला जाई (१९०८). तेथे तो गोंदिया–चांदा फोर्ट या तत्कालीन अरुंदमापी मार्गास मिळे. दुसरा कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर व रामाकोना यांवरून सातपुड्याचा घाट चढून छिंदवाड्यास पोहोचे आणि नैनपूरमार्गे जबलपूरकडील मार्गांशी निगडित असे. भारतातील मोठ्या अरुंदमापी जाळ्यांपैकी हे एक होय. भिवापूरची मिरची, सौंसर भागातील संत्री, दवाखान्यास निघालेले रुग्ण आणि कोर्टकचेरीची तारीख असलेले पक्षकार या साऱ्यांचे शहराशी असलेले नाते या मंदगती गाड्यांनी सुमारे शतकभर सांभाळले. ज्या गावांस पक्की सडक फार उशिरा लाभली, त्यांच्या लेखी इतवारी हेच नागपूर होते. छिंदवाडा मार्ग २०१५ च्या अखेरीस व नागभीड मार्ग २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये रुंदीकरणासाठी बंद करण्यात आला. छिंदवाडा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी होऊन पुन्हा सुरू झाला आहे. नागभीड मार्गाचे काम महाराष्ट्र रेल पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे (महारेल) सोपविण्यात आले. जुन्या अरुंदमापी गाड्यांची इंजिने, डबे, संकेतयंत्रे व दिवे पाहू इच्छिणाऱ्याने कडबी चौकानजीकच्या मोतीबाग येथील संग्रहालयात (१४ डिसेंबर २००२) जावे. खुद्द इतवारी स्थानकात त्या काळाची म्हणावी अशी खूण राहिलेली नाही.

वास्तूच्या दृष्टीने येथे उल्लेखनीय काही नाही. मुख्य स्थानकाच्या १९२५ मध्ये उघडलेल्या दगडी इमारतीची सर इतवारीस कधीच आली नाही, व तशी अपेक्षाही कोणी केली नाही. परिसरात मात्र पाहण्यासारखे पुष्कळ आहे : भोसलेकालीन पेठा, मस्कासाथचा धान्यबाजार, सराफ ओळ, आणि तान्हा पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या काळ्या व पिवळ्या मारबती व बडगे या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात, म्हणजे ही प्रथा व हा लोहमार्ग जवळपास समवयस्क ठरतात.

व्यापार : धान्य, किराणा, कापड, सोने-चांदी. धान्याच्या घाऊक उलाढालीचा मोठा भाग कळमना बाजार समितीत गेला आहे.

सेवा : गोंदिया, तिरोडी, रामटेक व छिंदवाडा या दिशांना सवारी व मेमू गाड्या. भंडारा रोड, तुमसर, कन्हान आणि कामठी येथून नोकरी, शिक्षण व खरेदीसाठी नागपुरात रोज ये-जा करणारे पासधारक हा येथील प्रवासीवर्गाचा कणा असून, मुख्य स्थानकावरील भार हलका करण्यासाठी काही लांब पल्ल्याच्या गाड्याही इतवारीहून सोडण्यात येतात. त्यांपैकी रीवा गाडी एप्रिल २०२३ पासून छिंदवाडा–नैनपूरमार्गे धावू लागली. राजनांदगाव–नागपूर (कळमना) या २२८ किमी. टप्प्यावर तिसऱ्या मार्गिकेचा प्रकल्प हाती घेण्यात आला. शहराच्या मेट्रोची ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली पूर्वेकडील मार्गिका सीताबर्डीहून सेंट्रल ॲव्हेन्यूने प्रजापतीनगरास जाते. ती इतवारी स्थानकास लागत नाही.