भीमाकाठचे फिरोजाबाद : सुलतानांचे उबदार घर

बिदरची थंडी ज्याने अंगावर काढली आहे त्याला कलबुर्गीचा हिवाळा म्हणजे हिवाळाच वाटत नाही. माझे वडील सत्तरी ओलांडल्यापासून दिवाळी आटोपली की बिदरच्या घराला कुलूप लावतात आणि कलबुर्गीला माझ्या क्वार्टरमध्ये येतात, ते शिमगा झाल्यावरच परत जातात. "इथं गुडघे दुखत नाहीत रे," एवढेच त्यांचे कारण.

मी सिव्हिल डिप्लोमावाला, सरकारी नोकर. कुठेही गेलो तरी जागेची उंची आणि पाण्याची वाट आधी बघायची सवय. बिदर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, कलबुर्गी साडेचारशेच्या, आणि भीमेचा काठ त्याहूनही खाली. वडिलांनी हे गणित गुडघ्यांनी सोडवले. सहाशे वर्षांपूर्वी एका सुलतानानेही ते सोडवले असावे, असे मला कलबुर्गीच्या दक्षिणेला फिरोजाबादला गेल्यावर वाटले.

फिरोजशहा बहमनी १३९७ ते १४२२ गादीवर होता. राजधानी गुलबर्गा, पण १४०० च्या सुमारास त्याने पंचवीस-तीस किलोमीटरवर भीमेच्या डाव्या काठी नवे नगर उभारले. तीन बाजूंना दगडी तट, चौथ्या बाजूला नदी. पुढे दोनशे वर्षांनी विजापुरात बसून लिहिणारा फरिश्ता सांगतो, की रस्ते रुंद आणि आखीव होते, नदीकाठच्या महालांचे चौक एकमेकांपासून वेगळे होते, आणि मोठा कालवा काढून नदीचे पाणी त्या सगळ्या चौकांत फिरवले होते.

हे नगर तिथेच का? दक्षिणेला कृष्णा-तुंगभद्रेचा रायचूर दुआब, त्यापलीकडे विजयनगर. पाऊस संपून वाटा सुकल्या की मोहिमेचा हंगाम सुरू. त्या दिवसांत फौजेला पाणी आणि जनावरांना चारा हवा, आणि तळ दक्षिणेकडे सरकलेला हवा. शिवाय इराणी-मध्य आशियाई दरबारांत हिवाळ्याचा मुक्काम सखल, उबदार जागी आणि उन्हाळ्याचा उंचावर, अशी जुनी रीत होती. ती रीत जाणणारी माणसे बहमनी दरबारात भरपूर होती. जॉर्ज मिशेल आणि रिचर्ड ईटन यांनी १९९२ साली या नगरावर स्वतंत्र पुस्तक केले. फिरोजशहाने हिवाळ्यासाठीच ही जागा निवडली, हा मात्र माझा आपला अंदाज, जागेवर उभे राहून केलेला.

शिकारीला तर भोवतालची काळी, उघडी माळराने काळविटांचीच. बिदर जिल्ह्यात आजही कळप दिसतात. चित्ते पाळून काळविटांवर सोडायचा शौक दख्खनच्या सुलतानांना होताच. नदीत मरळ आणि वाम. आजही काठावरच्या कोळ्यांची जाळी वाळत पडलेली दिसतात. आपल्याला ही नदी ओळखीची आहे, पण वेगळ्या नावाने. पंढरपूरची चंद्रभागा तीच, गाणगापूरच्या संगमावरून ती पुढे इथे येते. नृसिंह सरस्वतींचा काळ परंपरेने १३७८ ते १४५८ धरतात. म्हणजे वरच्या अंगाला मठ आणि खालच्या अंगाला सुलतानाचा महाल, दोन्ही एकाच पाण्यावर, एकाच काळात.

१४२२ मध्ये फिरोजला बाजूला सारून भाऊ अहमदशहा आला आणि काही वर्षांतच राजधानी बिदरला गेली. त्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो : शिकारीत कोल्हा उलटून कुत्र्यांच्या अंगावर धावला (कुणी ससा म्हणतात), तेव्हा सुलतान म्हणाला, इथल्या मातीत काही आहे. बिदरकर म्हणून मला ही कथा प्रिय आहे, पण हीच कथा अहमदाबादचीही सांगतात आणि विजयनगरचीही. एक ससा तीन राजधान्या वसवेल हे काही खरे नाही. मला वाटते, अहमदशहाने हवा पाहिली आणि पाणी पाहिले. बिदरचा जांभा दगड पाणी शोषतो, खालचा काळा फत्तर ते अडवतो, आणि जिथे दोघांची सांध उघडी पडते तिथे झरा फुटतो. नरसिंह झरा, नानक झिरा, पापनाश, सगळे त्याच हिशोबाचे. त्याच पाण्यावर पुढे शहराखालचे कारेझ खोदले गेले. गुलबर्ग्याच्या तख्तावरचा रक्तपातही त्याला मागे टाकायचा असेल. भावालाच त्याने तिथे उतरवले होते.

बिदरला पाणी मिळाले आणि उन्हाळा सुसह्य झाला, पण उबदार हिवाळा मागे भीमेकाठीच राहिला. राजधानी हलल्यावर फिरोजाबादला मुक्काम कमी झाले, आणि नदीकाठची जागा रिकामी राहिली की नदी ती परत मागते. उजनीचे धरण १९८० पासून वर आहे, तरी ऑक्टोबर २०२० च्या पुरात भीमाकाठची किती गावे पाण्यात गेली हे आपण पाहिले.

गेल्या डिसेंबरात वडिलांना घेऊन गेलो होतो. तटाच्या आत तूर उभी होती, कमानीखालून बैलगाडी जात होती. मोठी मशीद, दोन-तीन कमानी आणि घुमटांचे हमाम एवढेच नीट ओळखू येते. तिथल्या एका शेतकऱ्याने कन्नडमध्ये विचारले, काय बघायला आलात? वडील हमामच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसले होते. म्हणाले, "ऊन."