झिरो बीअर आणि आपले मूलगुण



हल्ली बऱ्याच जणी एक प्रश्न विचारतात. मुलं मोबाईलवरून ‘झिरो बीअर’ मागवतात, तिच्यात दारूचा थेंबही नाही म्हणतात, डब्यावर हिरवा ठिपकाही असतो. मग घरात आणू द्यायची का? आपल्या पुसदच्या नेहमीच्या किराणा दुकानात ती मी पाहिली नाही. शहरांतल्या मोठ्या दुकानांत असते आणि कुरिअरने आपल्या दारातही येते. तिचा इतिहास ठाऊक असला, तर उत्तर आपलं आपल्यालाच देता येतं.

अमेरिकेने १९१९ साली दारूबंदीचा व्होल्स्टेड कायदा केला. अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय म्हणजे दारू, अशी त्यात व्याख्या होती. जानेवारी १९२० पासून बंदी लागू झाली आणि बीअरचे कारखाने अडचणीत आले. मग कित्येकांनी नेहमीसारखी बीअर बनवून तिच्यातलं अल्कोहोल काढून टाकायला सुरुवात केली. लोक तिला ‘नियर बीअर’ म्हणत. ॲनहायझर-बुश कंपनीने तर १९१६ मध्येच ‘बेव्हो’ नावाचं बिनदारूचं माल्टचं पेय आणलं होतं. ‘बडवायझर’ याच कंपनीची, आणि आज मुलं मागवतात ती ‘बडवायझर ०.०’ त्याच नावाची. १९३३ साली बंदी उठली. आपल्या एफएसएसएआयच्या नियमांतही अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य. म्हणजे ‘बिनदारूची’ बीअर पूर्ण शून्यच असेल असं नाही, कायद्याला अर्धा टक्का चालतो. आम्ही कॉमर्सवाल्या आकड्यांच्या मागे काय दडलंय ते आधी बघतो!

आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदी कायदा केला. त्यातली ‘दारू’ची व्याख्या इतकी व्यापक होती की अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव तिच्यात बसे. औषधं आणि कोलन वॉटरसुद्धा! फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनी कायद्याला आव्हान दिलं. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण औषधं आणि प्रसाधनांवरची बंदी रद्द केली. तेव्हा पुसद मध्य प्रदेशात होतं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा आपल्यालाही लागू झाला. पुढे आपल्याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत दारूबंदी बरीच सैल झाली. कायदा मात्र आजही आहे. दारू पिणाऱ्याला कागदोपत्री परमिट लागतं. झिरो बीअरला ते लागत नाही, म्हणून तर ती किराणा मालाच्या ॲपवर तेल-साबणाच्या शेजारी दिसते.

ज्या जिल्ह्यांत बायका आडव्या बाटलीला मत देऊन गावातलं दारूचं दुकान बंद पाडतात, तिथे दारूच्याच कंपनीचं नाव असलेला डबा घरपोच येतो, हे मला खटकतं. आत काहीही असो, जाहिरात त्याच नावाची होते.

कायदा टक्के मोजतो. आपले आचार्य पदार्थ कसा तयार झाला ते बघतात. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात मद्य, मांस आणि मधाचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत घेतला आहे. अमृतचंद्राचार्य पुरुषार्थसिद्ध्युपायात सांगतात की मद्य हे रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांचं उत्पत्तिस्थान आहे, म्हणून ते पिण्यात हिंसा आहे. नशा हा दोष आहेच, पण जीवहिंसेचा दोष नशेवर अवलंबून नाही.

आता बीअर कशी बनते ते बघा. जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, त्याच्या पाण्यात यीस्ट घालून आंबवतात. झिरो बीअर पुष्कळदा अशीच पूर्ण बनवतात आणि अल्कोहोल नंतर काढून घेतात. आपण इडलीचं पीठ रात्रभर ठेवायचं की नाही यावर वाद घालतो, चलित रस टाळतो. मग आंबवून नंतर अल्कोहोल काढलं म्हणून ते पेय शुद्ध कसं होईल? शिवाय बीअर नितळ करायला काही ठिकाणी माशाच्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास वापरण्याची जुनी रीत आहे. तो गाळात खाली बसतो आणि काढून टाकतात, त्यामुळे घटकांच्या यादीत दिसेलच असं नाही.

काही पेयं मात्र मुळात आंबवलेलीच नसतात. माल्टचा अर्क, साखर, पाणी आणि गॅस, एवढंच. त्यांना बीअर म्हणणं हा नावाचा धंदा आहे, पण मद्याचा दोष तिथे लागू होत नाही. मोड आलेलं धान्य ज्यांच्या घरी वर्ज्य आहे, त्यांनी तेही सोडावं. बाकीच्यांनी मुलांना ओरडण्याआधी डबा हातात घेऊन बारीक अक्षरं वाचावीत. ‘डीअल्कोहोलाइज्ड’, ‘ब्रूड’, ‘फर्मेंटेड’ किंवा ‘यीस्ट’ यांपैकी एकही शब्द दिसला तर माझ्या घरी तो डबा उघडत नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर डब्यावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून विचारायचं: पेय आंबवलेलं आहे का, आणि नितळ करायला काय वापरता?