युद्धाचे असत्य आणि लेखणीचे मौन



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने वृत्तपत्र हे लोकशिक्षणाचे साधन मानले. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी आपल्या पत्राला ‘दर्पण’ हे नाव दिले, त्यामागेही हीच धारणा होती. समोर जे असेल ते आरसा दाखवतो. परंतु राज्यकर्ताच आरसा हाती धरून त्याला हवे तेवढेच त्यात दाखवू लागला, तर वाचकाने काय करावे? युद्धाच्या प्रसंगी हा प्रश्न अतिशय गंभीर होतो, कारण तेथे असत्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागते.

आपल्या गोमंतकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकांत, मजकूर छापण्यापूर्वी तो सेन्सॉरच्या हाताखालून जावा लागे. लिस्बनच्या वृत्तपत्रांनाही तीच बेडी होती. तेथे पत्रे गप्प राहिली तर त्यांना दोष देताना आपला हात आखडतो. म्हणून आज मी उदाहरण घेणार आहे ते अशा देशाचे, जेथे सेन्सॉर नव्हता, वृत्तपत्रे धनाढ्य होती आणि त्यांच्या स्वातंत्र्याला राज्यघटनेचे संरक्षण होते. ते उदाहरण म्हणजे १९६४ सालचे टोंकिनच्या आखाताचे प्रकरण.

२ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेची ‘मॅडॉक्स’ ही विनाशिका आणि उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो नौका यांच्यात चकमक झाली. ती खरोखरच झाली होती. त्यानंतर दोन दिवसांनी, ४ ऑगस्टच्या रात्री, ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या दोन जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याची वार्ता वॉशिंग्टनला पोहोचली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मध्यरात्रीच्या सुमारास दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला ती सांगितली आणि प्रतिहल्ल्याची घोषणा केली. ७ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी ठराव संमत केला. या ठरावाने, रीतसर युद्ध न पुकारता, युद्धाचे अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या हाती गेले.

हा दुसरा हल्ला झालाच नव्हता, असे आज इतिहासकार जवळजवळ एकमुखाने मानतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्याच इतिहासकाराने लिहिलेला आणि २००५ साली खुला झालेला अभ्यास सांगतो की, हल्ला झाला नसल्याकडे बोट दाखवणारे बहुतांश गुप्त संदेश वरिष्ठांपुढे ठेवलेच गेले नव्हते. त्या रात्री जॉन्सन यांना हल्ला खरा वाटला असेल, हेही क्षणभर मान्य करू. परंतु घटनास्थळावरील कॅप्टन जॉन हेरिक यांनी काही तासांतच शंका कळवली होती. विचित्र हवामान आणि उतावीळ ध्वनिशोधक यांमुळे पाण्यातील टॉर्पेडोंचा भास झाला असावा, आणि पूर्ण तपासणी होईपर्यंत पुढचे पाऊल उचलू नये, असा त्यांच्या तारेचा आशय होता. ही तार राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या कित्येक तास आधी पोहोचली होती. नागरिकांना मात्र शंकेचा लवलेशही कळू दिला गेला नाही.

याहून मोठी लपवाछपवी पहिल्या चकमकीबाबत झाली. ३० जुलैच्या रात्री दक्षिण व्हिएतनामच्या नौकांनी उत्तरेकडील होन मे आणि होन न्गू या बेटांवर मारा केला होता. या छाप्यांची योजना अमेरिकेच्या देखरेखीखाली आखलेली होती. असे असता, ‘मॅडॉक्स’ नित्याच्या गस्तीवर होते आणि हल्ला विनाकारण झाला, असे जगाला सांगण्यात आले. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी सिनेटच्या समितीपुढे अमेरिकी नौदलाचा या छाप्यांशी काहीही संबंध नसल्याचे सांगितले. ठरावाचा मसुदा काही महिने आधीच तयार होता. प्रसंग तेवढा हवा होता.

आता वृत्तपत्रांकडे वळू. देशातील प्रमुख पत्रांनी दुसरा हल्ला सिद्ध झालेली घटना म्हणून पहिल्या पानावर छापला आणि अग्रलेखांतून राष्ट्राध्यक्षांना पाठिंबा दिला. सत्य पूर्णपणे गुप्त होते, असे म्हणून त्यांची सुटका होत नाही. ऑरेगॉनचे सिनेटर वेन मोर्स यांनी बेटांवरील छाप्यांचा उल्लेख सिनेटमध्ये उघडपणे केला होता. विरोधी मत देणारे दोघेच होते: मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. मोर्स यांचे भाषण सभागृहाच्या कामकाजात छापले गेले. मोठ्या पत्रांनी त्याला फारसे स्थान दिले नाही. आय. एफ. स्टोन नावाचा एक पत्रकार मात्र स्वतःचे चार पानी साप्ताहिक जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवीत असे. त्याच ऑगस्टमध्ये त्याने हे छापील कामकाज वाचून सरकारी कथनातील विसंगती मांडल्या. त्याच्यापाशी गुप्तहेर नव्हते आणि मंत्र्यांच्या भोजनाची निमंत्रणेही नव्हती. सर्वांना उपलब्ध असलेला कागद लक्षपूर्वक वाचण्याची चिकाटी तेवढी होती.

मग मोठी पत्रे का चुकली? मला तीन कारणे दिसतात. पहिले, बातमीचा उगम एकच होता. आखातात वार्ताहर नव्हता, आणि जे सरकारने सांगितले तेच बातमी ठरले. दुसरे, सरकारने असे म्हटले आणि असे घडले, या दोन विधानांमधील अंतर मथळ्यात पुसले गेले. तिसरे कारण मनाचे आहे. देशावर हल्ला झाल्याची वार्ता आली की प्रश्न विचारणारा माणूस परका वाटू लागतो, आणि संपादकही अखेर माणूसच असतो. सेन्सॉरची निळी पेन्सिल येथे कोणी चालवली नाही. ती प्रत्येकाने स्वतःच्याच हातात घेतली.

परिणाम आपण जाणतो. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. १९६८ पर्यंत व्हिएतनाममधील अमेरिकी फौज पाच लाखांवर गेली. अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले, आणि व्हिएतनामी मृतांची संख्या अनेक लाखांची आहे.

पुढे वृत्तपत्रांनी आपले ऋण काही अंशी फेडले, हे न सांगणे अन्यायाचे होईल. डॅनियल एल्सबर्ग यांनी बाहेर काढलेली संरक्षण खात्याची गुप्त कागदपत्रे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जून १९७१ पासून छापली, आणि सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ३० जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळली. पण तोवर सात वर्षे लोटली होती. १९७१ चे धैर्य वंदनीयच आहे. तथापि १९६४ च्या ऑगस्टमधील एक साधा प्रश्न त्याहून अधिक प्राण वाचवू शकला असता.

हा धडा कायमचा शिकला गेला, असेही नाही. २००३ साली इराकवर स्वारी झाली ती तेथे महासंहारक अस्त्रे आहेत या दाव्यावर. अस्त्रांचे ते साठे सापडले नाहीत. मे २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या वृत्तांकनातील उणिवा वाचकांपुढे मान्य केल्या. त्या वेळीही नाइट रिडर या वृत्तसंस्थेच्या वार्ताहरांनी सावधपणे शंका मांडल्या होत्या, आणि त्या वेळीही त्यांचा आवाज मोठ्या मथळ्यांखाली दबला गेला.

कोणी म्हणेल, युद्धकाळात सरकारला प्रश्न विचारणे हा सैनिकांशी द्रोह होय. मला नेमके उलट वाटते. युद्धात कोणाची मुले जातात? या सभागृहातही सैन्यात सेवा केलेले आणि ज्यांच्या घरची मुले आज सीमेवर आहेत असे श्रोते असतील. सैनिक आज्ञेने बांधलेला असतो. युद्धाचे कारण खरे की खोटे, हे त्याला विचारता येत नाही. म्हणूनच ते त्याच्या वतीने इतरांनी विचारायचे असते: पत्रकाराने, लोकप्रतिनिधीने, आणि ते गप्प बसले तर सामान्य वाचकाने.

इतिहासाच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला एक सवय लावतो. कोणतेही विधान समोर आले की हे कोण सांगतो, त्याला हे कसे कळले, आणि याच्या आधी काय घडले, असे तीन प्रश्न त्याने विचारावेत. १९६४ च्या ऑगस्टमध्ये एवढे तीन प्रश्न पुरेसे होते; तिसऱ्याचे उत्तर तर सिनेटच्या कामकाजात छापलेले होते. या शाळेतून बाहेर पडलेले कित्येकजण आज लेखणी हाती धरतात, आणि बाकीचे सर्व रोज सकाळी वृत्तपत्र उघडतात. त्यांनी ही सवय जपली, तर ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो त्या गुरुजनांचे अध्यापन सार्थकी लागले, असे मी समजेन.