वस्तीचे मत

निवडणुकीचा निकाल लागला की गावच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "बौद्धवाडा एकगठ्ठा पडला." वर्तमानपत्रे हेच वाक्य जरा सभ्य भाषेत छापतात आणि अभ्यासक त्याला 'व्होट बँक' म्हणतात. उरलेले गाव भावकीने, सोसायटीच्या कर्जाने, कारखान्याला जाणाऱ्या उसाने बांधलेले असते. तरी त्याचे मत 'जनमत' ठरते. पन्नास-साठ उंबऱ्यांची वस्ती विचार करून एका बाजूला उभी राहिली की तिचा मात्र 'गठ्ठा' होतो. असे का व्हावे? त्यासाठी वस्तीच्या मताचा इतिहास तपासला पाहिजे.

हा इतिहास एका विसंगतीपासून सुरू होतो. १९३५ च्या कायद्याने मताधिकार वाढला, पण तो सर्वांना मिळाला नाही. मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटी होत्या. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांसाठी त्या शिथिल केल्या गेल्या. जो साक्षर असेल, किंवा जो सरकारचा कनिष्ठ गावकामगार म्हणून राबत असेल, त्याला मत मिळाले. म्हणजे ज्या वतनी चाकरीने महाराला रात्री-अपरात्री वेठीला धरले, तीच त्याला मतपेटीपर्यंत घेऊन गेली. गुलामीचा दाखला हाच मताचा दाखला ठरला. ज्या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले होते, ते हेच वतन.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुसंख्य निवडून आले. याचे श्रेय बाबासाहेबांच्या नेतृत्वाला आहेच; पण मतदानाच्या पद्धतीकडेही पाहिले पाहिजे. एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. संख्येने थोड्या असलेल्या माणसांनी मते एकवटली तर त्यांचा माणूस कायदेमंडळात जाऊ शकत होता. तेव्हा एकजूट म्हणजे मेंढरांचा कळप नव्हता. तो अल्पसंख्याने मांडलेला रोकडा हिशेब होता. या मतांतून काय उभे राहिले? त्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक आले. ते सर्व जातींच्या कुळांसाठी होते. वस्तीने आपल्यापुरते मागितले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मत सर्वांना मिळाले. पण तो हिशेब मोडला. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते राहिली, मात्र ती एकाच उमेदवाराला देता येईनात. राखीव जागेवरचा प्रतिनिधी आता बहुसंख्य सवर्ण मतदारांच्या पसंतीवर ठरू लागला. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत तर हा पेच खेडोपाडी पोहोचला. दुसरे मत इतर कोणाला देण्याऐवजी कुजवावे, असा काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब ८ हजारांहून अधिक मतांनी पडले. ज्यांना आज 'गठ्ठा' म्हणून हिणवतात, त्यांच्या नेत्याने मत कुजवण्यापेक्षा पराभव पत्करला, हे पारावर कोणी सांगत नाही.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. १९६१ साली द्विसदस्य मतदारसंघही गेले. पण रोजगार, रस्ता आणि पाणी गावाच्याच हाती राहिले. दरम्यान १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष गटागटांत फुटला आणि अनेक पुढाऱ्यांनी वस्तीचे मत घाऊक मालासारखे वापरले. 'गठ्ठा' हा शब्द सवर्णांनी दिला हे खरे. पण त्याची दोरी वळायला आपलेही हात लागले. विहारात बैठक होते, चार पुरुष ठरवतात आणि बायांना सकाळी फक्त चिन्ह सांगितले जाते. ही आपली लोकशाही आहे काय?

आज प्रश्नाला आणखी धार आली आहे. पूर्वी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी एकमेकींत मिसळण्याची सोय होती. मतदानयंत्र आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळतो. ज्या केंद्रावर मुख्यतः वस्तीच मतदान करते, तिथे व्यक्तीचे मत गुप्त राहिले तरी वस्तीचे मत उघडे पडते. निकालानंतर टँकर कोणत्या आळीत आधी जायचा, मजुरीला कोणाला बोलवायचे, हे ठरवायला तेवढा आकडा पुरतो. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे 'टोटलायझर' वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. तरी त्या मागणीसाठी आपल्या सभांतून आवाज उठत नाही. पुतळ्याच्या जागेसाठी मोर्चा निघतो, मताच्या गुप्ततेसाठी निघत नाही.

वस्तीने एकत्र मत द्यावे की नाही, हे वस्तीच ठरवील. पण ते ठरवणाऱ्या बैठकीत बाया-पोरी बसल्या पाहिजेत आणि ज्याला वेगळे वाटते त्याला तसे बोलता आले पाहिजे. एकजूट चर्चेतून आली तर ती चळवळ असते. हुकमातून आली तर तो खरोखरच गठ्ठा असतो. येसकराची काठी खाली ठेवून मिळवलेले हे मत आहे. ते दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार कोणाही पुढाऱ्याला नाही.