भाल्याने मासेमारी (हिंगोली जिल्हा)

भाल्याने मासेमारी : काठावरून किंवा उथळ पाण्यात उभे राहून भाला, बरची अथवा दातेरी काटा मारून मासा टिपण्याची रीत. पहिल्या पावसात ओढ्याला लागणारे चढणीचे मासे आणि उन्हाळ्यात आटलेल्या डोहात अडकलेली मरळ, शिवडा यांसारखी मोठी मासळी हे तिचे नेहमीचे सावज. हिंगोली जिल्ह्यापुरते बोलायचे तर उत्तरेची पैनगंगा, मधली कयाधू, दक्षिणेची पूर्णा, त्यांचे ओढे आणि सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर या धरणांचे जलाशय एवढ्या पाण्याचा इथे विचार करायचा. भाल्याने मासा मारणे कायदेशीर आहे काय, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कायदा भाल्याची चौकशी फारशी करत नाही. पाणी कोणाचे, हे तो आधी विचारतो.

पाण्याची मालकी : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले, ओढे, तलाव यांचे तळ आणि वाहते वा साचलेले सर्व पाणी, कोणा व्यक्तीच्या मालकीचे नसेल तर, राज्य शासनाचे असते. पाणी सरकारी म्हणजे त्यातला मासाही सगळ्यांचा, असा समज गावोगावी आढळतो. तो चुकीचा आहे. भरती-ओहोटीच्या पाण्यात मासेमारीचा हक्क सर्वांना असतो, हे तत्त्व इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आले. हिंगोलीपर्यंत काही समुद्राची भरती येत नाही. त्यामुळे इथे मासेमारीचा हक्क पाण्याच्या तळाच्या मालकाकडे जातो, आणि मालक तो ठेक्याने देऊ शकतो. जलाशय आणि तलाव मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना साधारणपणे पाच वर्षांच्या ठेक्याने दिले जातात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत आणून सोडते आणि ती वाढेपर्यंत राखण करते. अशा पाण्यात भाला घेऊन उतरणारा माणूस हौशी असो की भुकेला, तो संस्थेच्या पदरचा पैसा उचलत असतो. वडिलोपार्जित धंदा म्हणून मासेमारी करणाऱ्या भोई समाजालाही ठेक्याच्या पाण्यात केवळ परंपरेच्या बळावर उतरता येत नाही. त्यासाठी संस्थेचे सभासदत्व लागते.

जुन्या कायद्याने ही गोष्ट नेमकी मांडली होती. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ मधील व्याख्येप्रमाणे, ज्या पाण्यात कोणाला मालक, पट्टेदार वा अन्य नात्याने मासेमारीचा एकट्याचा हक्क आहे, ते ‘खाजगी पाणी’. इतरांना तिथे रूढीने मासे धरता येत असले, तरी तेवढ्याने ते खाजगीपण संपत नाही. म्हणजे धरण सरकारचे असले, तरी मासेमारीपुरते पाणी ठेकेदाराचे. गंमत अशी की हा कायदा हिंगोलीसाठी लिहिलेलाच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ‘ब’ वर्गात असलेल्या राज्यांचा प्रदेश त्याच्या कक्षेबाहेर ठेवला होता, आणि परभणी जिल्ह्यातले तेव्हाचे हिंगोली हैदराबाद राज्यात, म्हणजे ‘ब’ वर्गात होते. (स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला.) मराठवाड्यासह साऱ्या राज्याचा विचार करणारा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा.

चोरी की नाही : मोकळ्या नदीतला मासा कोणाच्याच ताब्यात नसतो, म्हणून तो धरणे ही चोरी होत नाही. बांधलेल्या तळ्यातून मासा निसटू शकत नसेल, तर तो तळे ताब्यात असणाऱ्याच्या ताब्यात आहे असे धरतात, आणि तो नेणे चोरी ठरू शकते. मद्रास उच्च न्यायालयाने १९०० च्या सुमारास सिंचनाच्या उघड्या तलावातले मासे मात्र चोरीच्या व्याख्येबाहेर ठेवले. सांडव्यावरून पाणी गेले की त्याबरोबर मासाही जाणार, मग ताबा कसला? इसापूर-सिद्धेश्वरसारख्या जलाशयांबाबत हा वाद आजही घालता येईल. पण चोरीच्या गुन्ह्यातून सुटला तरी माणूस मत्स्यव्यवसाय कायद्यातून आणि ठेकेदाराच्या नुकसानभरपाईच्या दाव्यातून सुटत नाही.

साधने : हिंगोलीसाठी लिहिलेला नसला, तरी १८९७ चा कायदा इथेही पाहण्याजोगा. त्याने नाव घेऊन गुन्हा ठरवले ते दोन प्रकार : पाण्यात स्फोट घडवणे आणि पाण्यात विष कालवणे. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. निवडक पाण्यांसाठी नियम करून रोवलेले सापळे, बांध, जाळ्यांचा आकार आणि प्रकार यांवर बंधने घालण्याचा आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकारही त्याने सरकारला दिला. भाल्याचा उल्लेख त्यात नाही. हे समजण्यासारखे आहे. जिलेटिनचा एक तोटा डोहातली लहानमोठी सगळी मासळी उलथवतो, भाला एका वेळी एकच मासा घेतो, आणि तोही पाहून. तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडणे हा याहून वेगळा मामला. त्यात विद्युत अधिनियम, २००३ खाली वीजचोरी होते आणि पाण्यात उतरलेला माणूस मरण्याची भीती असते ती वेगळीच.

भाल्याची खरी अडचण पाण्याकडे जाताना वाटेतच होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, मोर्चे, निवडणुका यांच्या तोंडावर जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, काठ्या घेऊन फिरण्यास बंदी, अशी त्याची ठरलेली भाषा. भाला त्यात नावानिशी आहे.  असा आदेश लागू असेल त्या दिवसांत ‘मासे मारायला निघालो होतो’ एवढ्यावर सुटका होईलच असे नाही.

अभयारण्य आणि संरक्षित जीव : पैनगंगेवरील इसापूर जलाशयाच्या भागात, यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर, अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय कोणतेही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि या कायद्याच्या व्याख्येत गळ, जाळे, सुरी, फासे ही सारी हत्यारेच. भाला त्यातून सुटण्याचे कारण नाही. मासा मिळाला की नाही, याने फरक पडत नाही; आत हत्यार नेले एवढे पुरे. गढूळ पाण्यात मऊ पाठीचे कासव भाल्याखाली आले, तर गुन्हा अभयारण्याबाहेरही होतो.

समुद्रातली पावसाळी मासेमारी बंदी (साधारणतः १ जून ते ३१ जुलै) महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालची आहे. पूर्णा-पैनगंगेशी तिचा संबंध नाही. तरी पावसाळ्याच्या तोंडावर भाला चालवणे मासळीच्या मुळावर येते. मरळीला हवा घ्यायला वर यावे लागते आणि ती पिलांच्या थव्याखाली राहून त्यांची राखण करते. लालसर पिलांचा घोळका दिसला की खाली आई-बाप आहेत हे भालेकऱ्याला कळते. तेवढा एक मासा गेला की सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. कायद्याने इथे भाल्याला मोकळीक ठेवली आहे, ती ठेवायला नको होती.

एखाद्या पाण्यावर ठेका आहे काय, कोणत्या संस्थेचा आणि केव्हापर्यंत, याची माहिती मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात मिळते, गावतळ्याची ग्रामपंचायतीत.